कपाटामागची शोधाशोध

दाताच्या दवाखान्यात शिवणकामवाली बाई गाल धरून बसली होती. दुखण्यानं जीव मेटाकुटीला आला होता, तरी मागच्या बाकावरचे म्हातारे काका आणि त्यांचा शेजारी, एक तरणा रंगारी, यांचं बोलणं कानावर येतच होतं.

“काका, आत्महत्या कशा टळतात यावर संशोधन करणाऱ्या त्या बाईंचा फोन होता. माझ्या औषधांची पेटी कुलपात आहे ना, विचारत होत्या.”

“आहे म्हणावं, आणि किल्ली माझ्याकडं. त्यांनी बजावलंच होतं, जीव नकोसा होण्याची ती वेळ टळली की माणूस पुष्कळदा वाचतो. त्यानं किल्ली मागितली तरी लगेच देऊ नका.”

“त्या दुपारी मी मागायला आलो होतो.”

“तुझा चेहरा बघूनच कळलं मला. म्हटलं, सापडत नाहीये रे, जरा शोधायला ये.”

“गाद्या उलथ्यापालथ्या केल्या आपण. कपाटसुद्धा सरकवलं.”

“त्याच्या मागं माझा हरवलेला चष्मा निघाला. तू हसलास, मग रडलास, मग आपण डॉक्टरांकडं गेलो.”

“किल्ली तुमच्या खिशात होती, काका.”

“तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? किल्लीची दोरी खिशाबाहेर लोंबत होती. दारातच दिसली मला.”

बाईचा गालावरचा हात खाली आला.

“अरे, मग एवढं जड कपाट कशाला सरकवत बसलास?”

“तुम्ही आधीच वाकून जोर लावत होतात. एकट्याला झेपलं असतं का तुम्हाला?”