लकव्याची तालीम

...अन् मला बोलायचं न्हाई! तुम्हाला सांगतो, लातूरच्या आमच्या दवाखान्यात बावीस वर्षं स्ट्रेचर ढकलत आलो, पण या गुरुपादप्पाला गप ऱ्हा म्हणायची हिंमत कुणी केली नव्हती. मेंदूच्या डॉक्टर मंजुषा मॅडमनी केली! "काका, उद्या लकव्याची तालीम आहे. तुम्ही पेशंट. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, वाचा गेलेली. दारात आल्यापासून एका तासाच्या आत रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन झालंच पाहिजे. मागच्या खेपेला सव्वा तास लागला... खरा माणूस असता तर जन्माचा अधू झाला असता, काका!"

झालं, पडलो! "हात उचला!" उचलायचा न्हाई. "नाव सांगा!" सांगायचं न्हाई. आता आमच्या लिफ्टचं दार लाथ घातल्याबिगर लागत न्हाई, हे माझं स्ट्रेचर ढकलणाऱ्या नव्या डॉक्टरांना कुठलं ठाऊक? मला ठाऊक! पण मला बोलायचं न्हाई!

नातेवाईक म्हणून कोण? आमची मंडळी, शिवगंगा! डबा द्यायला आली, तिलाच उभी केली. मॅडम म्हणाल्या, "इंजेक्शनसाठी इथं सही करा." तर बाई म्हणते कशी, "थोरल्या भाऊजींना इचारल्याबिगर आमच्यात सही व्हत न्हाई!" अन् लावला की हो फोन... खरा फोन, खऱ्या भाऊजींना! "भाऊजी, ह्यांचं तोंड वाकडं झालंय, लवकर या!" तालीम हाय, हे सांगायचं राहिलंच!

आता हे थोरले भाऊजी म्हंजे माझा भीमाशंकरदादा, अन् त्याचं माझं दोन वर्षं बोलणं बंद. का? पुतण्याच्या लग्नात गावभरच्या पाव्हण्यांना आहेराची मानाची टोपी घातली, अन् सख्ख्या चुलत्याला विसरले! म्या म्हणलं, मरंपर्यंत त्या घराची पायरी चढणार न्हाई.

दादा त्या दिवशी जळकोटहून सोयाबीन घेऊन इथंच आडतीवर आलेला. वीस मिनिटांत दारात हजर, संगं आडतीवरचे सात-आठ हमाल! "सही कर गं आधी, मला काय इचारतीस!" असा शिवगंगावर वरडला अन् माझा लुळा हात छातीशी धरून ढसाढसा रडाय लागला. डोक्यावरची टोपी काढली अन् माझ्या डोक्यावर घातली. "चुकलं रे माझं, गुरू... एकदा दादा म्हण!"

घड्याळात छप्पन्न मिनिटं, नर्सच्या हातात पाण्याची सुई तयार... अन् मला बोलायचं न्हाई!

"दादा!"

गेलं निघून तोंडातून! मॅडमनी कपाळावर हात मारला. "काका, वाचा गेलेला पेशंट बोलला! आता सोमवारी सगळं पहिल्यापासून!" पण जाता जाता फळ्यावर लिहिलं, 'दारातच विचारा, घरातला थोरला कोण, आणि त्याला आधी फोन लावा.'

दादाला खरं कळलं तसा त्यानं आधी मला शिव्या घातल्या, मग आम्ही दोघांनी शिवगंगाचा डबा एका ताटात खाल्ला. लई दिवसांनी भाकर गोड लागली. उठताना म्हणतो कसा, "सोमवारी येतो. तू गप पडून ऱ्हा, मी दोन वर्षांचं सगळं सांगतो."

आता तुम्हीच सांगा, अडवू कसा त्याला? मला बोलायचं न्हाई!