मैदानावर राहिलेला हाफ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय योगेंद्रदादा, तापी-पांझरा फुटबॉल मंडळाचं अध्यक्षपद आज सोडणारे आपले सत्कारमूर्ती प्रेमराजभाऊ, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, धुळेकर भाऊ-बहिणींनो, पारोळ्याहून आलेल्या माझ्या गावकऱ्यांनो, आणि मागच्या दोन रांगांत बूट घालूनच बसलेल्या आमच्या पोरांनो, तुम्हा सर्वांना अभिमन आबाचा नमस्कार. मान्यवरांची नावं एकेक करून घेत नाही. एखादं राहिलं तर रुसवा, आणि सगळी घेतली तर दिवस मावळायचा.

मला प्रेक्षकांतर्फे दोन शब्द बोलायला सांगितलंय. बरोबर माणूस निवडला. मी आयुष्यात चेंडूला पाय लावला नाही, पण मैदानाच्या कडेला बसून घसा मात्र पार बसवून घेतला. माझ्या शेजारी कायम फारुखभाई. पारोळ्याचे शिंपी. आमच्या बोरीकाठ संघाच्या जर्स्या त्यांनीच शिवल्या. ते बघा, दुसऱ्या रांगेत कडेला बसलेत. बसले आहेत म्हणजे खिडकीकडे तोंड करून बसले आहेत. त्या खिडकीतून मैदान दिसतं. उन्हं कलली आहेत, पण गोलच्या खांबावर अजून आहेत. म्हणून मी भराभर बोलतो.

हल्ली पोरं टीव्हीवर परदेशातले सामने बघतात आणि मला विचारतात, "आबा, तुम्ही बघितलेला सगळ्यात भारी सामना कोणता?" मी म्हणतो, भारी म्हणजे काय रे? जिंकलेला? जिंकलेला सामना घरी जाऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या की संपतो. हरलेला चार दिवस बोचतो, मग तोही संपतो. जो पुरताच झाला नाही, तो कसा संपेल? तो अकरा वर्षं माझ्या उशाशी बसून आहे.

याच मैदानावरचा अंतिम सामना. धुळ्याचा पांझरा संघ विरुद्ध आमचा पारोळ्याचा बोरीकाठ. थंडीचे दिवस, लवकर अंधारणारे. धुळ्याने आधी गोल केला. मग मध्यंतराच्या जरा आधी फारुखभाईंच्या अरशदने असा काही डोक्याने चेंडू मारला की फारुखभाई उठून नाचायला लागले आणि टोपी माझ्या बायकोच्या, तानुबाईच्या, डब्यातल्या भाजीत पडली! बरोबरी. पोरांच्या अंगात वारं शिरलं होतं. आम्ही कधी चषक जिंकलेला नाही, मंडळी. त्या दिवशी जिंकलो असतो की नाही, मला माहीत नाही. माझं सगळं दुखणं तेच तर आहे, माहीत नाही!

कारण मध्यंतर झालं. आणि आपल्या खानदेशात मध्यंतर खेळाडूंच्या विश्रांतीसाठी थोडंच असतं? ते असतं सत्कारासाठी. प्रेमराजभाऊंनी माईक हातात घेतला. चेंडू देणाऱ्याचा सत्कार. चुना देणाऱ्याचा सत्कार. मैदानावर पाणी मारणाऱ्या टँकरवाल्याचा सत्कार. शाल, नारळ, आणि प्रत्येकाचे 'दोन शब्द'. रावेरहून आलेले पंच तोंडात शिट्टी धरून उभे. आमची तानुबाई शेवटी ओरडली, "बठ्ठास्ले नारय दिधात, आते पोऱ्हेस्ले खेयू द्या ना भो!" नारळ झाले, आता पोरांना खेळू द्या, एवढंच तिचं म्हणणं. लोक हसले. प्रेमराजभाऊही हसले आणि म्हणाले, "अक्का, एकच राहिलाय." असे बरेच एकच राहिले होते.

सत्कार संपले तेव्हा चेंडू दिसेना. मग नाणं उडवलं. ते अंधारात पडलं, प्रेमराजभाऊंनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "धुळे." मी त्यांच्यावर शंका घेत नाही. दिसलंच नाही तर शंका तरी कशी घेणार? चषक धुळ्याला गेला. अरशद मैदानातच बसून राहिला. मग त्याने खेळ सोडला आणि रावेरहून केळीचा ट्रक चालवायला लागला. घरात फुटबॉलचं नाव काढलं की उठून जायचा.

मग आजच का आलोय आम्ही? सांगतो. महिन्यापूर्वी प्रेमराजभाऊ स्वतः पारोळ्याला आले. माझ्या ओट्यावर बसले, चहा प्यायले. म्हणाले, "आबा, मनात किल्मिष ठेवून मी खुर्ची सोडणार नाही. माझ्या निरोपाच्या दिवशी तो राहिलेला हाफ खेळवू. कार्यक्रम दुपारी उरकतो, मग सगळे मैदानावर." मला भरून आलं, खोटं कशाला बोलू? फारुखभाईंना काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही, आणि आहे ती फार दिवसांची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. दिवसा उजेडी माणूस ओळखतात, सांजेला हात धरावा लागतो. त्यांनी अरशदला एवढंच म्हटलं, "बेटा, मेरेको दिखता है तबतक एक बार खेल ले." अरशदने ट्रक उभा केला. पोटं सुटलेली ती जुनी पोरं गोळा केली. आज सकाळी मी मैदानावर पांढऱ्या रेषा बघून आलो. प्रेमराजभाऊ, खरं सांगतो, मी तुम्हाला माफ करूनच टाकलं होतं.

आता मी एवढंच म्हणतो की… काय? हो, हो. पाहुणे आले? या, या साहेब. नाही, नाही, माझं काही नाही. मी थांबतो. सत्कार आधी झाला पाहिजे.

झाला? फोटोही झाला? अजून एक काढा, साहेबांचे डोळे मिटले असतील. टाळ्या वाजवा, मंडळी. साहेबांनी दोन शब्द बोलावेत अशी विनंती झाली, ते बोलले, छान बोलले. खेळामुळे जीवनात शिस्त येते म्हणाले.

कुठे होतो मी? मध्यंतरात होतो. आम्ही तिथंच असतो.

हॉलमधले दिवे कुणी लावले? बरं केलं. कुणाचा दोष नाही. धुळ्याचा नाही, साहेबांचा नाही, प्रेमराजभाऊंचा तर मुळीच नाही. त्यांच्या मनात खेळवायचं होतं, तेव्हाही आणि आजही. फक्त एकच राहिला होता.

काय म्हणताय, फारुखभाई? जरा शांत बसा हो मंडळी, म्हातारा काहीतरी विचारतोय.

"अभिमनभाऊ, अंधेरा हो गया क्या, के मेरेकोच नहीं दिख रा?"

नाही, फारुखभाई. तुमची नजर आहे अजून. अंधारच झालाय.

अरशद, बूट काढ बाबा. वडिलांचा हात धर, इथं पायऱ्या आहेत.

प्रेमराजभाऊ, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. मंडळाने मला बोलायला उभं केलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल आभार. माझी शाल आणि नारळ इथंच टेबलावर ठेवतो, अजून कुणी यायचं असेल. म्हाताऱ्याच्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर माफ करा. माफ करणं किती जड जातं ते मला ठाऊक आहे, म्हणून आग्रह नाही.