मोडलेली रेघ

सरळ? भाऊजी, सरळ कुठली — ही रेघ मधे चांगली मोडलीय, डोळे आहेत की बटणं? द्या तो कागद. मशीनवर जन्म काढलात म्हणून मला ड्रॉइंग शिकवू नका हं, घरी धाकटे दीर आहात, इथेही धाकटेच. बघा — हे टाकीचं गोल झाकण. एक भोक वर, घड्याळात बारा असतात तिथे. दुसरं खाली तिरपं, चारच्या जागी, जादा वाफ बाहेर पडायला. ही रेघ म्हणजे आतलं दाखवायला झाकण कागदावर कुठून कापायचं ते. सरळ कापलं तर दुसरं भोक सुटणार, मग काय करायचं? वरून मध्यापर्यंत कापत यायचं, तिथे वळायचं नि चारकडे जायचं. कॉम्प्युटर तो तिरपा तुकडा फिरवून घेतो आणि एकाच छेदात, म्हणजे त्या कापलेल्या चित्रात, दोन्ही भोकं दाखवतो. मी तेच केलंय — ही बघा वळली — काय? छेदात खाली भोकच नाही? नुसतं भरीव?

असं कसं होईल! स्क्रीनवर बघते थांबा. वळलीय की हो, मध्यापाशी... पट्टी? लावा ना, मी काय घाबरते? लावा.

पट्टीही वाकडीच आहे तुमची.

असे बघू नका हो. हल्ली सगळंच असं — ओट्याची कड, खिडकीचे गज. तुमच्या भावाला म्हटलं, सुताराला बोलवा, दाराची चौकट फुगलीय. ते म्हणाले, चांगली आहे की. मी भांडले, जेवलेसुद्धा नाही. डावा डोळा मिटला की सरळ होतं सगळं, मिटूनच काम करते, आज विसरले, एवढंच — नाही, खोटं कशाला बोलू, आता उजव्यानेही तसंच. साहेबांना सांगू नका. पाया पडते तुमच्या. रेघा सोडून मला दुसरं येतं काय? तुम्ही रोज आधी बघून द्या, कुणाला कळणार आहे, आपण दोघं मिळून —

काय? आधीचं झाकण याच ड्रॉइंगवरून केलं, खालचं भोक न पाडताच? टाकीवर बसलंय? आणि आत वाफ सोडायला घेतलीय?

मग उभे काय राहिलात! पळा, बंद करा! साहेबांना विचारल्याशिवाय बंद होत नाही? मग विचारा! कारण काय सांगू म्हणून काय विचारताय — सांगा, वहिनीला सरळ रेघ मोडलेली दिसते. जा!