दह्याचा दुसरा चमचा

हसू नका, त्या सकाळी मी खरंच घाबरलो होतो. नात पल्लवी नागपूरला कॉलेजात निघाली होती. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी ती पहिलीच. बाहेर ऑटो उभा आणि ही खोलीत बसून म्हणते, "आबा, मी नाही जात."

तेवढ्यात शाळेत तिच्या वर्गात असलेला रोहित आला. जवळच्या समता कॉलनीतला, हिंदी बोलणारा पोट्टा. दोघांचं काय चाललं होतं, ते मला ठाऊक होतं. हाच तिला अडवतो आहे, असं वाटलं. मी दारातच उभा राहिलो.

"काहून आला बे?"

"दादाजी, ये फोन पे बोल रही है, नहीं जाऊँगी. डाँटने आया हूँ."

माझा जीव भांड्यात पडला. मी बाजूला झालो.

"पागल है क्या? चल, बैग उठा!" तो आत ओरडला. पोट्टी डोळे पुसत उठली.

निघणाऱ्याच्या हातावर दही-साखर ठेवायची आमची रीत. पल्लवीला दिली. मग दुसरा चमचा भरून त्याच्यासमोर धरला.

"मैं तो यहीं रहूँगा, दादाजी."

"माहीत आहे मले. मागं राहणाऱ्याले जास्त लागते. खाय."