उघड्या दाराचा नियम

एक हेडक्लार्क ऑफिसच्या लिफ्टच्या रांगेत उभा होता. पुढे लिफ्टचा प्रोग्राम लिहिणाऱ्या दोघी कुजबुजत होत्या.

“ताई, लिफ्ट निघण्याचा नियम कसा लिहिलात?”

“दार बंद आणि वजन बेताचं, किंवा साहेबांचं कार्ड. वजन जास्त भरलं तरी साहेब अडकायला नकोत.”

“कंस घातलात?”

“कशाला? वाचताना कळतंय की.”

“तुम्हाला कळतंय. मशीन आधी ‘आणि’ची जोडी लावतं, मग ‘किंवा’कडे बघतं.”

“मग?”

“मग नुसतं कार्ड दाखवलं की लिफ्ट निघेल. दार उघडं असलं तरी.”

“अगं बाई! हळू बोल. दुपारी गुपचूप कंस घालते.”

“आणि तोवर साहेब आले तर?”

“अकराशिवाय त्यांचा दिवस उजाडतो का कधी?”

लिफ्ट आली. दार उघडलं. साहेब मागून रांग मोडून आले आणि एक पाय आत, एक बाहेर ठेवून खिशात कार्ड शोधू लागले.

“आज... लवकर, साहेब?” एकीने विचारलं.

“मीटिंग आहे. हं, सापडलं.”

सगळं ऐकलेल्या हेडक्लार्कने साहेबांची कॉलर धरली आणि त्यांना बाहेर ओढलं. कार्ड फरशीवर पडलं.

साहेबांनी कॉलर नीट केली. हेडक्लार्कच्या बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं.

“तुमचं नाव काय हो?”