फळीमागचा माणूस

टक्-टक्. — नाही रे, हा हातोडीचा नाही, हातोडी मी अजून उचललेलीसुद्धा नाही. दुसऱ्याच आवाजाचं सांगतोय मी, लहानपणच्या. ऑर्गनच्या फळीवर तू बोटाच्या पेराने वाजवायचास, तो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी फळीमागे, ऑर्गनला हवा पुरवणाऱ्या भात्याच्या दांड्याला नुसता लोंबकळत होतो, पाय धड जमिनीला पुरत नव्हते — गीत संपलं, मंडळी खाली बसली, आणि पलीकडून टक्-टक्. म्हणजे पुरे, थांब आता. एवढाच त्याचा अर्थ. बाबांनी ठरवून दिलेली खूण... हं, दे इकडे. टाच झिजलीय म्हणतोस — म्हणजे म्हणत काहीच नाहीस, नुसता बूट पुढे करतोस. आठवडा होत आला, आज उगवलास, आणि आल्या आल्या बूट पुढे. ठीक आहे. तू नको बोलूस, तुझा बूट बोलेल. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय मोडलाय, परवा एक गिऱ्हाईक आडवं झालं. इकडे बस. आणि पाय वर घेऊन बस दादा, मोज्यात खिळा घुसला तर तेही माझ्याच नावावर जायचं.

आतल्या बाजूने झिजलीय. तुझी टाच नेहमी आतूनच झिजते. ऑर्गनच्या खालच्या सुरांच्या पायपट्ट्या दाबून दाबून. लोकांना वाटतं मास्तर नुसत्या बोटांनी वाजवतो. लोकांना काय कळतं! पण मला सगळं दिसतं हं, मी माणसं खालूनच बघत आलोय. बाबांनी वाटणीच तशी केली ना आपली — तुझी बोटं लांब, तू पुढे बस. ह्याचे दंड जाड, हा मागे जाईल. मी रडलो होतो तेव्हा. आठवतं? तुला कशाला आठवेल. चर्चच्या पायरीवर बसून रडलो, आणि बाबा, हातात झाडू घेऊन, मला म्हणाले, अरे वेड्या, पुढे बसलेल्याला मंडळी बघते. मागे कोणी बघणार नाही. मग तिथे तुला बघायला कोण उरला, सांग? मी म्हटलं, कोण? ते म्हणाले, ज्याच्यासाठी वाजवायचं, तोच. झालं. त्या एका वाक्यावर मी जन्म काढला दादा. हसू नकोस. हसलास. नाही? मग तोंड तसं कशाला केलंस?

तिथे आत काय आहे तू कधी बघायला आलास का? नाही आलास. एक दांडा. एक खिळा, सदरा अडकवायला. आणि दोरीला बांधलेला शिशाचा गोळा. भात्यात हवा भरली की गोळा खाली उतरतो, हवा संपत आली की वर चढतो. बाबांनी कोळशाने दोन रेघा मारून ठेवल्या होत्या, त्या दोन रेघांच्या मध्ये तो गोळा राहिला पाहिजे, बाकी जग गेलं खड्ड्यात. तेवढं बघायचं आणि दांडा हाणायचा. लग्नं झाली, मयती झाल्या, पाळकसाहेब आले नि गेले, मी पाहिला तो गोळा. माझ्या पोरीचं लग्न लागलं तेव्हासुद्धा मी गोळाच बघत होतो. आणि बरं होतं! ऐक, खोटं नाही सांगत — फार बरं होतं. अंधार, घाम, तो गोळा, आणि शेवटी टक्-टक्. मला ठाऊक होतं तुझंच पेर आहे. पण मी तुझं धरत नव्हतो ते. मी धरायचो... जाऊ दे. तुला कशाला सांगू मी कोणाचं धरायचो ते.

आणि तू काय केलंस? चर्चमध्ये तुझा सत्कार होता ना — मग घ्यायचा होता गप घेऊन! हार घालायचा, दोन शब्द बोलायचे, घरी जायचं, वहिनीने केलेलं गोडधोड खायचं. पण नाही. मास्तरांना मोठेपणा सुचला. "माझ्या वाजवण्यात अर्धा वाटा माझ्या धाकट्या भावाचा आहे, तो तुम्ही कधी पाहिला नाहीत" — आणि हात वर केला, आणि तो मेला सुतार, आधीच ठरवून ठेवलेला, स्क्रू सैल करून तयार, त्याने फळी काढली. सगळ्या मंडळीसमोर! आणि मी कसा? बनियनवर! बनियनवर रे दादा, काखेत भोक पडलेल्या, हातात दांडा, तोंड उघडं — बैल गोठ्यातून बघतो तसा बघत होतो मी. आणि टाळ्या. उभे राहून टाळ्या. पाळकसाहेबसुद्धा. मला विचारलंस का? एका शब्दाने विचारलंस? एवढी वर्षं माझी एकच चीज होती झाकलेली, सबंध घरात, सबंध दुनियेत एकच, तिच्यावरचं झाकण तू उडवलंस आणि वर मला मिठी मारलीस. तुझ्या कोटाला माझा घाम लागला. बरं झालं लागला.

तुला वाटलं मी बनियनसाठी चिडलोय. वहिनीलाही तू तेच सांगितलंस ना — हिच्या कानावर आलंय — "तो लाजला, दोन दिवसांत निवळेल." लाजलो असतो तर बरं होतं! लाज धुऊन निघते. दादा, दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं, आणि समोरचा वाणी, जो मला एवढ्या वर्षांत नुसता "ओ" म्हणतो, तो म्हणाला, "या, भातेवाले!" आणि मला — हलू नकोस, टाच उखडतोय, उडेल — मला गोड लागलं. मी सकाळी मुद्दाम सुतळी आणायला गेलो त्याच्याकडे. दुपारी परत गेलो. सुतळी पुष्कळ होती माझ्याकडे, ती बघ, फळीवर, ढीग पडलाय. त्याने आणखी एकदा म्हणावं म्हणून. दुसऱ्या खेपेला नाही म्हणाला तो. आणि मला राग आला त्याचा! ह्या वयात! मी त्या वाण्यावर चिडून संध्याकाळपर्यंत आरी बोटात घुसवून घेत होतो. तेव्हा मला कळलं तू काय केलंयस ते. फळी तू ऑर्गनची नाही काढलीस.

मी सुताराला सांगायला हवं होतं, फळी बसव परत म्हणून. सांगितलं नाही. का नाही सांगितलं? वेळ मिळाला नाही. — मिळाला होता वेळ. ही म्हणालीसुद्धा, अहो, गार वारा लागेल, फळी लावून घ्या. मी म्हटलं, राहू दे, आत हवा खेळती राहते. हवा! हवा खेळती राहते म्हटलं मी, भात्यापाशी उभा राहणारा माणूस! आणि पुढच्या रविवारी सदरा घातला. नवा, निळा. इस्त्रीचा. भांग पाडला. ही दारात उभी राहून बघत होती, नुसती कॉलर सरळ केली. तुमच्या सगळ्यांना हे न बोलणं कुठून साधतं देव जाणे.

आता शेवटच्या गीताचं काढू नकोस. काढलं नाहीस? मग मीच कशाला... ती पहिल्या बाकावरची छोटी पोरगी होती ना, डॉक्टरीणबाईंची नात, तिने माझ्याकडे बोट दाखवलं, आईला म्हणाली, ते बघ, ते बघ. मी हसलो तिच्याकडे. मान हलवली. मग तिची आई हसली. मग मी जरा सरळ उभा राहिलो, दांडा जरा ऐटीत मारला, असा, खांद्यापासून. बस, एवढंच. गोळा कधी रेघेच्या वर गेला मला कळलंच नाही. ऐकू आलं तेव्हा कळलं. सूर खाली बसला, बसला, म्हातारी कण्हते तसं काहीतरी झालं, आणि मग काहीच नाही. मंडळी उभी, तोंडं उघडी, तुझी बोटं पट्ट्यांवर चालतायत आणि आवाज नाही. आणि तुला ठाऊक होतं! त्या क्षणाला सबंध चर्चमध्ये दोघांनाच ठाऊक होतं काय झालंय ते, तुला आणि मला. मी दांडा हाणला जोरात, हवा आली, पण तू बोटं उचलली होतीस. उठलास. वळलास. आणि म्हणालास, "मंडळी, माफ करा. चुकलं माझं."

माझं! कोणी सांगितलं होतं तुला? का म्हणालास? बोल ना! भावाचं नाव घ्यायला एका रविवारी एवढा पुढे होतास, मग त्या रविवारी काय झालं होतं? तेव्हा घ्यायचं होतंस माझं नाव! "हवा गेली, धाकट्याने हलगर्जी केली" — चार शब्द. आता काय बोलतात लोक, ऐकलंस ना? मी ऐकतो, ह्या दुकानात सगळ्यांचे पाय येतात. मास्तरांचे हात गेले. मास्तर थकले. चर्चचा खजिनदार इथे बसला होता, तू बसलायस तिथेच, म्हणाला, सत्कार अगदी वेळेवर झाला हो, आता सन्मानानं विश्रांती द्यावी, कोणी तरुण बघू. मी त्याच्या चपलेचा अंगठा शिवत होतो. मी काय म्हटलं असेन? — अंगठा शिवला. घट्ट शिवला. तो "वा" म्हणाला आणि गेला.

तू चिडत का नाहीस रे? ओरड की! लहानपणी तर कानशिलात द्यायचास. पण नाही. खाली मान. मला वाटतं तू मनातून खूश असशील — लोकांच्या नजरेतून उतरलो, पण वरच्याच्या नजरेत भरलो. हो ना? फुकटात मिळालं तुला. पुढचा बाक तुझा, टाळ्या तुझ्या, आणि आता फळीमागची ती जागासुद्धा तूच घेतलीस. माझी एक जागा होती, दादा! तिथे तू जाऊन बसलास, आणि मी बाहेर, निळ्या सदऱ्यात!

आणि मी आता काय करू, सांग. रविवारी उभा राहून सांगू, मंडळी, चूक माझी होती? मग काय होईल? रडतील बायका. पाळकसाहेब खांद्यावर हात ठेवतील. किती प्रामाणिक माणूस! वाणी "या" म्हणेल. परत टाळ्याच! आणि मला गोड लागेल, मला आत्ताच लागतंय, बोलता बोलता लागतंय, बघ तू. आणि नाही सांगितलं तर तुझी जागा जाते. बोललो तरी फसलो, गप्प बसलो तरी फसलो. बाबा असते तर म्हणाले असते — नको. बाबांचं नाव नको. बाबांनी काय सांगितलं ते मला कळलंच नव्हतं बहुतेक. कोणी बघत नाही म्हणून बरं वाटतं आणि तो बघतो म्हणून बरं वाटतं, ह्यात फरक असेल. आणि ती टक्-टक् तरी... तुझ्या पेराचीच होती ना ती. नुसतं "थांब". मी एवढी वर्षं तिला शाबासकी समजून पोटाशी धरून बसलो. एके दिवशी तू विसरला होतास वाजवायला, आठवतं, ताप होता तुला, गीत संपवून उठून गेलास. मी दांडा हाणत राहिलो. चर्च रिकामं झालं, मी हाणतोय. बाबा येऊन हात धरून घेऊन गेले.

हं. हा शेवटचा खिळा. झाली टाच. घाल. पैशाचं नाव काढलंस तर हातोडी फेकून मारीन. आणि ऐक, संध्याकाळी मी सुताराकडे जाणार आहे, फळी लावून घेणार. स्क्रूने नाही, खिळ्यांनी. आणि रविवारी मंडळीला सांगणार. सांगेन आणि आत जाईन, टाळ्या वाजल्या तर वाजल्या, फळी जाड आहे. — बहुतेक सांगेन. तू मला ये म्हणू नकोस. नको येऊ असंही म्हणू नकोस. मुळात तू मला काही म्हणायचंच नाहीस.

उठलास? बरं. सांभाळ, उंबरा आहे. — दाराला हात कशाला लावलास? तोल गेला? मग बोट का वाकवलंस तसं? दादा, वाजवू नकोस. खरंच सांगतो, नको वाजवूस. वाजवलंस तर मी रविवारी त्या टक्-टक्साठीच येईन, मला ठाऊक आहे मी कसा आहे ते. आधार घ्यायचा तर नीट घे, पंजाने घे... दादा. एकदा वाजवलंस तरी — नको. नको म्हटलं ना. नाही, थांब, एकदाच —

गेला. हात खिशात घातला आणि गेला.