सईच्या जन्माचा साक्षीदार

आम्ही अमेरिकेत मॉरिसव्हिलला होतो तेव्हाची गंमत. आमच्या लेकीला, सईला शाळेत वेबसाइट पारखायला शिकवलं होतं: हे कोणी लिहिलंय, त्याने स्वतः पाहिलंय का? मग होमवर्क आलं की स्वतःच्या जन्माची हकीगत लिहा, पण प्रायमरी सोर्सकडून, म्हणजे तिथे हजर असलेल्या माणसाला विचारून.

मी ऐटीत सांगितलं, "मी आईचा हात धरून उभा होतो."

"बट डिड यू ॲक्चुअली सी इट, बाबा?"

"म्हणजे काय, पाहिलंच की."

बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, "सई, हा चक्कर येऊन पडला होता. नर्स मला सोडून त्याच्याकडे धावली."

सईने माझं नाव खोडलं आणि खाली इंग्रजीत लिहिलं, 'बाबा: सेकंडरी सोर्स. आईला विचारल्याशिवाय वापरू नये.'